पहिल्या पिढीचं पोर कॉलेजात टिकवायचं तर: नव्या मदतनीसांसाठी

घरात आजवर कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही. आईवडील मजुरीला जातात, नाहीतर दसरा झाला की कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरतात. अशा घरातली मुलगी किंवा मुलगा कॉलेजात नाव घालतो, तेव्हा त्याच्या बाजूला एक माहीतगार माणूस लागतो. तुम्ही नवे प्राध्यापक असाल आणि कॉलेजने शिष्यवृत्तीचं काम तुमच्याकडे दिलं असेल, गावातल्या मंडळातर्फे पाच-दहा पोरांची जबाबदारी घेतली असेल, किंवा पुण्या-मुंबईत नोकरी करता करता गावाकडच्या मुलांना हात द्यायचा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. ही मुलं बुद्धीला कमी पडतात म्हणून कॉलेज सोडत नाहीत. शासनाच्या योजनाही महाराष्ट्रात कमी नाहीत. गाडी अडते ती पैशांची वेळ न जुळल्यामुळे. प्रवेशाची धावपळ जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी पेरणीच्या दिवसांत, जेव्हा घरातला शेवटचा रुपया बी-खतात गेलेला असतो. परीक्षेचा फॉर्म ऑक्टोबरात. शिष्यवृत्ती मात्र कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. या मधल्या सहा-आठ महिन्यांत पोरगं हळूच गावी जातं आणि परत येत नाही. तुमचं खरं काम ही मधली फट बुजवण्याचं आहे.

कागद: बारावीच्या दिवाळीपर्यंत

प्रवेशाची यादी लागल्यावर कागद गोळा करायला बसलात तर उशीर झाला. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागा. ऊसतोडीच्या घरांत तर त्याहून आधी. कारण टोळी एकदा निघाली की वडील थेट एप्रिलच्या आसपास परततात, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, प्रतिज्ञापत्रासाठी सही त्यांचीच लागते. दसऱ्याच्या आत तलाठ्याकडचं आणि सेतूतलं काम उरकून घ्या. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतर पुन्हा नवा लागतो, ते पुढे येतंच.

लागणारे कागद असे: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी (वैधता) प्रमाणपत्र, ओबीसी-भटके विमुक्त अशा प्रवर्गांना नॉन क्रिमिलेअर (घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला), रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, एक डझन फोटो, आणि मूळ कागदांची वेगळी फाईल. मूळ फाईल झेरॉक्सच्या दुकानात किंवा एसटीत विसरली जाते. हे होतंच. म्हणून प्रत्येक कागदाचा मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो काढून ठेवा.

यातल्या तीन ठिकाणी हमखास अडतं.

पहिलं म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आधी. हा फरक चालून जातो. चालत नाही ते स्पेलिंग. वडिलांचं नाव एका कागदावर ‘ज्ञानेश्वर’, दुसऱ्यावर ‘ज्ञानोबा’, तिसऱ्यावर नुसतं ‘माऊली’ असेल तर प्रत्येक खिडकीवर प्रश्न निघणार. सगळ्या कागदांवरची नावं एका वहीत खाली खाली लिहून काढा, इंग्रजी स्पेलिंगसकट. फरक लगेच डोळ्यांत भरतो. मग दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त करा. आधारवर नाव फक्त दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने चुकीची दुरुस्ती करून संधी घालवू नका. शाळेच्या दाखल्यावरची चूक मूल शाळेत असतानाच सुधारून घेणं सोपं. एकदा दाखला हातात पडला की ते काम फार लांबतं.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये कुचकामी ठरल्याचं पाहून घरच्यांना धक्का बसतो. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन दाखले मिळतात. नॉन क्रिमिलेअरला तीन वर्षांचा लागतो. एप्रिल उजाडला की नवा दाखला काढायचा हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज दिल्यावर तारखेची पोच घ्याच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलेली आहे, आणि ती टळली तर अपील करता येतं. पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

तिसरं आणि सगळ्यांत अवघड, जात पडताळणी. नियम असा की अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी ते कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात तीच होती, हे दाखवावं लागतं. आता पहिल्या पिढीच्या मुलीचे आजोबा शाळेतच गेलेले नसतात. मग शाळेचा उतारा आणायचा कुठून? अशा वेळी पुढची वाट धरा. आधी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे का ते विचारा: काका, आत्या, चुलत भाऊ. असेल तर वंशावळ जोडून काम बरंच सोपं होतं. नसेल तर आजोबांच्या भावंडांपैकी कुणी चार दिवस तरी शाळेत गेलं होतं का ते पाहा, आणि त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून दाखलखारीज रजिस्टरचा उतारा काढा. तेही नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, आणि कोतवाल बुकाची (कोतवालाने ठेवलेल्या नोंदवहीची) नक्कल मागा. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस आणि त्याने करून दिलेलं लिप्यंतर लागतं. कुठलाच कागद हाती लागला नाही तर पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी होते आणि त्यात महिने जातात. म्हणूनच हे काम अकरावीत सुरू केलेलं बरं. प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या अर्जाची पावती काही काळ चालवून घेतात, पण दिलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा हातची जाते. हे पालकांना आधीच स्पष्ट सांगा.

प्रवेश घेताना

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश घ्या. व्यवस्थापन कोट्यातली जागा ‘लगेच पक्की होते’ म्हणून गोड वाटते, पण त्या जागेवर शुल्काची सवलत मिळत नाही. गावात फिरणारे एजंट हे सांगत नाहीत. पसंतीक्रम भरताना मुलाशेजारी बसा. नुसतं कॉलेजचं नाव पाहू नका. तिथे वसतिगृह आहे का, गावाहून एसटी थेट जाते का, जागा सरकारी की खासगी, हे विचारून क्रम लावा. घरापासून चाळीस किलोमीटरवरचं साधं कॉलेज पुण्यातल्या नामांकित कॉलेजापेक्षा चांगलं ठरू शकतं, आणि उलटही. दोन्हींचा वर्षाचा खर्च कागदावर मांडल्याशिवाय ठरवू नका.

कोणाला काय लागू पडतं, ते थोडक्यात असं. अनुसूचित जातीच्या, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात शुल्क तर येतंच, शिवाय निर्वाह भत्ताही मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला २,५०० ते ७,००० रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. आदिवासी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी त्या त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्यात निम्मं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. ‘मुलीला शिकवायला पैसे कुठून आणू’ म्हणणाऱ्या बापाला ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा. पण पुढची ओळही दाखवा: वसतिगृह, मेस, पुस्तकं, गणवेश, अनामत हे यात धरलेलं नाही.

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरी खिडकीवर पूर्ण रक्कम मागितली जाते, आणि वडील घाबरून सावकाराचं दार ठोठावतात. अशा वेळी भांडायला जाऊ नका. मुलाच्या सहीचा एक अर्ज लिहा: मी अमुक योजनेला पात्र आहे, प्रवेश घेताना माझ्याकडून शिष्यवृत्तीतून येणारी रक्कम घेऊ नये. सोबत उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला. अर्ज आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी शंभरदा सांगून होत नाही ते एका शिक्क्याने होतं.

महाडीबीटीचा अर्ज

महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठीचं राज्य शासनाचं पोर्टल. त्यावरच्या अर्जात चुका होतात त्या बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. नेट कॅफेवाला स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतःच ठरवलेला पासवर्ड टाकतो. पुढच्या वर्षी दुकान बंद, नंबर बदललेला, आणि मुलाला त्याच्याच अर्जात शिरता येत नाही. म्हणून आधी आधारला मुलाचा स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. मोठ्या भावाचा नको, दाजींचा तर नकोच. युजर आयडी आणि पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला लावा.

मग वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह अशी प्रोफाइल क्रमाने भरायची. दाखल्यांवरचा बारकोड क्रमांक जसाच्या तसा टाका. कागद अपलोड करताना फाईल १५ ते २५६ केबीच्या मधली लागते. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा निघतो, तो चढत नाही, आणि लहान करण्याच्या नादात इतका धूसर होतो की तपासणारा तो परत पाठवतो. स्कॅनरचं ॲप वापरा, कडा नीट कापा, कृष्णधवल करा. दाखल्याचा शिक्का आणि क्रमांक वाचता आला पाहिजे.

चालू अभ्यासक्रमाच्या रकान्यात कॉलेजचं आणि शाखेचं नाव यादीतून निवडावं लागतं. शाखा दिसतच नसेल तर ती कॉलेजने पोर्टलवर जोडलेली नाही, असं समजा. मिळतंजुळतं दुसरं नाव निवडून पुढे जाऊ नका. कार्यालयात सांगा आणि थांबा. वसतिगृहाच्या रकान्यात खासगी खोलीत राहणारा मुलगा भीतीने ‘नाही’ लिहितो किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून ‘सरकारी’ लिहितो. दोन्हींनी निर्वाह भत्ता चुकतो. जे खरं तेच लिहायचं आणि त्याचा कागद जोडायचा.

अर्ज आधी कॉलेजच्या लेखनिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग संबंधित विभागाकडे जातो. कुठल्याही टप्प्यावर ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. समजा बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या मुलीचा अर्ज डिसेंबरात परत आला, शेरा एका ओळीचा: उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. मोबाइलवर संदेश आला, पण तो इंग्रजीत, आणि रोजच्या जाहिरातींच्या संदेशांत दबलेला. तिला वाटतं, आपण अर्ज भरला आहे, आता पैसे येतील. मुदत निघून जाते. एका धूसर फोटोपायी वर्षाची शिष्यवृत्ती बुडते. यावर उपाय एकच. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सगळ्यांनी आपापलं खातं उघडून अर्जाची स्थिती पाहायची आणि तुमच्या वहीत नावापुढे लिहायची. शनिवारी दुपारी अर्धा तास पुरतो. या लेखातलं एकच काम तुम्हाला जमणार असेल तर हे करा.

मंजुरी आल्यावरही काम संपत नाही. रक्कम दोन हप्त्यांत येते आणि काही योजनांत विद्यार्थ्याला पोर्टलवर जाऊन ती ‘रिडीम’ करावी लागते. हे बटण दाबायचं राहून गेलं म्हणून महिनोन्महिने पैसे अडकून राहतात.

बँक खातं

‘माझं खातं आधारला लिंक आहे’ हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नका. बँकेने केवायसीसाठी आधार घेणं वेगळं आणि शासनाचा पैसा उतरावा म्हणून एनपीसीआयच्या (बँकाबँकांतल्या पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत आधारसमोर ते खातं लागणं वेगळं. पैसा जातो तो ज्या बँकेत आधार शेवटी सीड झालं, म्हणजे या यादीत जोडलं गेलं, तिथे. सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, मुलाला पत्ताही नसतो, आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की कुठली बँक लागली आहे ते कळतं. नको असलेली बँक दिसली तर योग्य बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा.

खातं चालू आहे का, तेही पाहा. शाळेत असताना उघडलेल्या खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, त्यामुळे मोठी रक्कम आली की अडते. अठरा पूर्ण होताच नवी केवायसी करून घ्या.

आणि सगळ्यांत नाजूक गोष्ट. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कॉलेजच्या शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यावर येते, आणि ती सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. आता घरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आई आजारी, सावकाराचा तगादा, आणि खात्यावर अचानक तीस-चाळीस हजार रुपये. पैसे कॉलेजचे आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते खर्च होतात, आणि तिसऱ्या वर्षी कॉलेज निकाल आणि दाखला अडवून धरतं. पहिल्याच बैठकीत, पालकांसमोर, कागदावर दोन रेघा ओढून दाखवा: एवढे कॉलेजचे, एवढे तुझे. रक्कम आली त्याच दिवशी भरायची आणि पावती फाईलला लावायची.

राहणं, खाणं, येणं-जाणं

सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची शासकीय वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत. पहिला अर्ज तिथेच करायचा. नंबर लागला नाही तरी तो अर्ज वाया जात नाही, कारण वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच पुढची योजना आहे: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. दहा महिन्यांचं सत्र धरलं तर जेवणाला महिन्याला ३,२०० आणि खोलीला २,००० पडतात. या आकड्यांत बसणारी मेस आणि तिघा-चौघांत वाटून घेतलेली खोली शोधायची. आधी महागडी खोली घेऊन मग योजनेकडे पाहायचं नाही. भाडेकराराची प्रत आणि मेसच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपा. मालक भाडेकरार द्यायला टाळतो. खोली पाहतानाच त्याला विचारा. करार मिळणार नसेल तर दुसरी खोली.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय अल्प खर्चात करते. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही समाजाची, संस्थांची बोर्डिंगं असतील. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी ती रुजवली आणि पुढे गावोगाव पसरली. त्यांची यादी करून ठेवा. त्यांच्या प्रवेशाच्या मुलाखती निकालानंतर लगेच होतात.

घरून ये-जा करणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासावर ६६.६६ टक्के सवलत आहे. गाडीची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ जुळते का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. सकाळची गाडी ७:४० ला पोहोचते आणि तास ७:३० ला सुरू होतो, तर ती मुलगी वर्षभर दहा मिनिटं उशिरा येणार, हजेरी कमी भरणार आणि शेवटी परीक्षेला अडणार. विभागप्रमुखांना आधीच लेखी कळवलं तर हे निभतं.

‘कमवा आणि शिका’ ही महाराष्ट्राची जुनी कमाई आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच पायावर, आणि आज विद्यापीठांत त्यांच्याच नावाने ही योजना चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय इथे दिवसाला दोन-तीन तासांचं काम मिळतं. जुलै-ऑगस्टमध्येच विद्यार्थी कल्याण विभागात नाव द्या, जागा मोजक्या असतात. रात्रपाळीची रखवाली किंवा मध्यरात्रीपर्यंतचं डिलिव्हरीचं काम मात्र शक्यतो टाळायला सांगा. पैसे जास्त मिळतात, पण सकाळचे तास आणि प्रात्यक्षिकं त्यात जातात.

फिरता निधी

मधल्या महिन्यांसाठी एक छोटा निधी उभा करा. देणगी नव्हे, उसनवारी. एका वेळी तीन हजारांपर्यंत, बिनव्याजी, शिष्यवृत्ती आली की परत. वीस मुलांना एकदम गरज पडत नाही, त्यामुळे पंचवीस-तीस हजारांवर काम भागतं. परीक्षेचा फॉर्म, मेसचा अडलेला महिना, चष्मा, गावी जायचं तिकीट, एवढ्यासाठीच. परीक्षा फॉर्मची तारीख सगळ्यांत महत्त्वाची, कारण त्यानंतर विलंब शुल्क आणि मग अतिविलंब शुल्क चढत जातं. वहीत दोघांच्या सह्या, दुसरं काही नको. जामीन मागू नका. चेक देताना फोटो काढून गटात टाकू नका. ज्याचा फोटो एकदा टाकला तो दुसऱ्यांदा अडचण सांगायला येत नाही, उपाशी राहतो.

मोठी रक्कम हवी असेल तर शैक्षणिक कर्ज. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देण्याची सोय आहे. तरी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि स्वाधारसारख्या योजना तपासून झाल्याशिवाय कर्जाचा विषय काढू नका.

अभ्यास, आणि इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विषय कळत नाही असं नसतं. शाळेत ज्याला तो ‘संवेग’ म्हणत होता त्यालाच आता ‘मोमेंटम’ म्हणतात, एवढं सांगणारं कुणी नसतं. दोन रकान्यांची वही करायला लावा. डावीकडे पुस्तकातला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी शब्द आणि स्वतःच्या भाषेत एक ओळ. रोज दहा शब्द. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही फुकट पाहायला मिळतात. पुस्तक वाचायचं तेही असं: आधी परिच्छेद शब्दकोशाशिवाय पूर्ण वाचायचा, मग अडलेले शब्द पाहायचे, मग पुस्तक मिटून मराठीत चार वाक्यांत शेजारच्याला सांगायचं, आणि शेवटी तीच चार वाक्यं इंग्रजीत लिहायची. सुरुवातीला अर्ध्या पानाला पाऊण तास लागतो. दिवाळीपर्यंत तो वेळ बराच खाली येतो. कला आणि वाणिज्य शाखेत अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. आपल्या विद्यापीठात चालतं का, ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. उगाच मोडक्या इंग्रजीत गुण घालवू नका.

कॉलेजची भाषाही शिकवावी लागते. अंतर्गत गुण म्हणजे काय, सबमिशन चुकलं तर काय होतं, क्रेडिट कसे मोजतात, एटीकेटी (काही विषय राहूनही वरच्या वर्गात जाणं) आणि इयर डाऊन (वर्ष वाया जाणं) यांत फरक काय, हे शिकलेल्या घरातल्या मुलांना भावाबहिणीकडून आपोआप कळतं. यांना कुणी सांगत नाही, आणि विचारायची लाज वाटते. सरांना भेटायला जाणं म्हणजे तक्रार करणं, असंही त्यांना वाटतं. पहिल्या वेळी सोबत जा. दारात काय म्हणायचं ते आधी ठरवा: ‘सर, दुसऱ्या युनिटमधलं हे उदाहरण अडलंय, कधी येऊ?’ दुसऱ्यांदा तो एकटा जाईल.

गळतीच्या खुणा

ही मुलं अडचण सांगत नाहीत. ‘काही नाही सर, बरं चाललंय’ हेच उत्तर मिळतं. त्यामुळे उत्तराकडे नको, पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडा उलटला तरी परत न येणं. मेसला एकच वेळ जाणं. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात पण उत्तर नाही. परीक्षा फॉर्मच्या यादीत नाव नसणं. पहिल्या सत्रात दोन विषय राहिल्यावर ग्रंथालयात येणं बंद होणं. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर त्याच आठवड्यात फोन करा. फोन लागला नाही तर गाव गाठा. ‘का आला नाहीस’ असं विचारू नका. ‘फॉर्मची तारीख पंधराला आहे, मी भरून ठेवू का?’ असं विचारा.

रॅगिंगचा किंवा जातीवरून टोचून बोलण्याचा प्रकार असेल तर गप्प बसवू नका. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. मन खचलेलं दिसलं तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर पहिल्या दिवशीच प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

मुलींच्या बाबतीत बरेचदा घरीच ठरतं. स्थळ येतं, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात, आणि ते वर्ष उजाडत नाही. आईला एकदा वसतिगृहात आणून दाखवा: खोली, रेक्टरबाई, रात्री दार कधी बंद होतं, जेवायला काय असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आईचा शब्द घरात वडिलांपुढे टिकतो. निर्णय एकदम तीन वर्षांचा मागू नका. ‘ही परीक्षा देऊ द्या, निकाल लागला की बसून बोलू’ एवढंच म्हणा.

दुसरं वर्ष

शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने करावी लागते. दुसऱ्या वर्षी ‘रिन्युअल’ निवडायचं, पुन्हा नवा अर्ज भरायचा नाही. नवा भरला तर आधीचा अर्ज आडवा येतो. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि चालू वर्षाची प्रवेश पावती हाताशी ठेवा. एटीकेटीने पुढच्या वर्गात गेलेल्यांचं नूतनीकरण होतं. वर्ष गेलं तर त्याच वर्गासाठी दुसऱ्यांदा मिळणं अवघड, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये राहिलेल्या विषयांवर जोर द्या.

आणि नव्या मुलांचे अर्ज भरायला या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाच संगणकासमोर बसवा. एका खुर्चीवर नवी मुलगी, शेजारी मागच्या वर्षी जिचा अर्ज परत आला होता ती. फाईल किती केबीची हवी, शाखा यादीत दिसली नाही तर कुणाला विचारायचं, कुठल्या खिडकीवर शिक्का मिळतो, हे ती तुमच्यापेक्षा नेमकं सांगते. तुम्ही मागे वही घेऊन बसा आणि शनिवारच्या यादीत नवी नावं लिहा.